ओतणाऱ्यानं झऱ्यावर जायचं नाही

सकाळची वेळ आणि काम नेहमीचंच. पाणीवाल्या बाई ऑफिसच्या मागच्या बोअरवर उभ्या राहून काचेची बाटली विसळत होत्या. विसळली, उजेडात धरून बघितली, पुन्हा विसळली. मग काठोकाठ भरली, बूच लावलं, बुचावर मेण ओतलं आणि फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. ऑफिसला लागूनच त्यांचं घर. मागच्या दारात त्यांची भाची पोटावर हात ठेवून उभी होती.

"मावशी, बाटली आहे का बाळ? एवढं घासून तर मलाही कुणी न्हाऊ घातलं नसेल."

"तू आत जा आधी. ओल्यात उभी राहू नकोस. आणि पाणी पीत राहा, समजलं? इथलं पाणी अमृत आहे."

"समजलं गं बाई. पाण्याशिवाय दुसरं काही देतेस का खायला?"

बाई हसल्या नाहीत. गेले कित्येक दिवस त्या हसल्याच नव्हत्या.

जमिनीखालचं पाणी कुठून निघतं नि कुठं जातं, ते शोधणं हा या बाईंचा धंदा. त्या मुलखातला खडक चुनखडीचा. वरून बघावा तर धट्टाकट्टा आणि आतून किडक्या दातासारखा पोखरलेला. इथल्या भोकात पाणी पडलं तर ते कुठल्या झऱ्याला तोंड काढील, हे देवालाही दोनदा विचारावं लागेल. म्हणून भोकात हिरवा रंग ओतायचा आणि खालच्या झऱ्यांवर बाटल्या घेऊन बसायचं. रंग पोटात गेला तरी बाधत नाही, पण असा जबर, की चिमूटभर तळ्यात टाकला नि नुसत्या डोळ्यांना दिसला नाही, तरी जांभळ्या दिव्याखाली धरलेलं पाणी काजव्यासारखं पेटतं.

या कामाचे दोन नियम होते. पहिला, रंग ज्यानं ओतला त्यानं झऱ्याकडे फिरकायचं नाही आणि बाटल्यांना हात लावायचा नाही. रंगाचा एक कण नखाखाली राहिला तरी सगळं खोटं ठरतं. दुसरा नियम कोऱ्या बाटलीचा. चांगल्या पाण्याची एक बाटली झऱ्याच्या बाटल्यांबरोबर दिवसभर हिंडवायची आणि शेवटी तीही दिव्याखाली धरायची. कोरी बाटली म्हणजे घरातली म्हातारी सासू. करत काही नाही, नुसती कोपऱ्यात बसून असते. पण तिनं तोंड वाकडं केलं की सगळा स्वयंपाक बाद. ती चमकली, की रंग हातांनी पसरला असं धरायचं आणि साऱ्या बाटल्या ओतून द्यायच्या.

बाईंकडे रंग ओतायला होते रंगारीकाका. बाई नोकरीला लागल्या तेव्हापासून तेच. कोपरापर्यंत हिरवे हात, साबणाला न जुमानणारे. एक दाढ कायमची ठणकणारी, म्हणून गालात सदा लवंग. ते जवळ आले की आधी लवंगेचा वास यायचा, मग काका. आणि सदा एकच कुरकुर.

"बाई, हा काय न्याय? लेक सासरी धाडायची मी, आणि ती पोचली का, हे विचारायचीसुद्धा बंदी मला!"

"काका, नियम आहे."

"नियम आहे, मान्य. पण एकदा तरी दाखवा हो, कुठून निघतो ते."

"पुढच्या वेळी बघू."

गेल्या थंडीत काका दवाखान्यात पडले. बाई भेटायला गेल्या तेव्हा मोठ्यानं बोलायचीही ताकद राहिली नव्हती. हिरवं बोट उचलून त्यांनी बाईंना जवळ बोलावलं आणि तेच म्हणाले. "एकदा दाखवा…" बाई म्हणाल्या, "बरे व्हा, मग जाऊ." बरे काही ते झाले नाहीत.

आणि काका गेल्यावरच सगळ्यांत मोठं काम समोर आलं.

डोंगरमाथ्यावर धातू धुण्याचा कारखाना होता. त्याचं काळं पाणी एका खड्ड्यात साठायचं. खड्ड्याच्या कडेला कुंपणाच्या आत खडकाला एक भोक होतं. लोक त्याला 'घसा' म्हणायचे, कारण जे पडेल ते गिळायचं. डोंगराच्या पायथ्याला खालची वस्ती आणि वस्तीला पाणी एकाच झऱ्याचं. बाईंची थोरली बहीण, ताई, त्या वस्तीत दिलेली. तिथल्या मुलांची नखं काळी पडायला लागली होती. ताईच्या लेकीचं पहिलं बाळ पोटातच गेलं. आता दुसऱ्यांदा दिवस राहिले, तेव्हा बाई स्वतः जीप घेऊन गेल्या आणि पोरीला उचलून आपल्या घरी घेऊन आल्या. घर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला होतं. खडकाचा उतार वस्तीकडे, म्हणजे तिकडचा थेंबही इकडे येणं शक्य नाही. याबद्दल सगळ्या जाणत्यांचं एकमत होतं. बाईंनी स्वतःच तसं कितीदा लिहून दिलं होतं. म्हणूनच तर कोरी बाटली नेहमी घरच्या बोअरची.

कारखान्याला आता दुप्पट मोठा खड्डा खणायचा होता. परवानगी देणाऱ्या समितीनं बाईंना सांगितलं, घशातला रंग झऱ्याला निघाला असं दाखवा, खड्डा बंद करू. तीनदा संधी देऊ, चौथी नाही.

पहिल्या खेपेला कोरी बाटलीच पेटली.

बाईंनी कपाळ बडवून घेतलं. दुसऱ्या खेपेला सगळं नवं घेतलं. हातमोजे नवे, बाटल्या नव्या, ओतायला परगावचा माणूस. कोरी बाटली मेणानं बंद करून स्वतःच्या मांडीवर ठेवली, अगदी जेवतानाही. तिसऱ्या रात्री जांभळ्या दिव्याखाली धरली, तर झऱ्याच्या पाण्याहून ती जास्त पेटलेली! पालथ्या घड्यावर पाणी. कारखान्याचा मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, रंग आमच्या खड्ड्यातून गळत नाही, तुमच्या पदरातून गळतो." माणसं हसली. कुणावर रागवायचं हेही कळेना. ड्रायव्हरवर ओरडून झालं, बाटल्यांच्या दुकानदारावर ओरडून झालं, एकदा तर आरशात बघून स्वतःवरही ओरडून झालं.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. दोन्ही वेळा कोऱ्या बाटलीचं मेण फोडलं, तेव्हा आतून लवंगेचा वास आला होता.

…आज तिसरी खेप. रंगाचा सीलबंद डबा ड्रायव्हरच्या ताब्यात. त्याला सगळे भोपू म्हणायचे, कारण रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी तो हॉर्न वाजवायचा. तो जीप घेऊन परस्पर डोंगरावर जाणार होता. डब्याशेजारी बसायला नको म्हणून बाई पहिल्या बसनं खालच्या वस्तीला निघाल्या.

झऱ्यावर धुकं होतं. खडकाच्या कपारीतून पाणी येत होतं, मनगटाएवढं. मॅनेजर आधीच येऊन बसला होता आणि समितीतर्फे मास्तर आले होते. निवृत्त, कडक आणि दोन्ही बाजूंना सारखेच नकोसे. बाईंनी पिशवीतून कोरी बाटली काढली तसा मॅनेजर उठला.

"ही नको. तुमच्या पाण्यावर माझा भरवसा नाही. मी दुकानातून सीलबंद पाणी आणलंय. मास्तरांनी स्वतः भरावी बाटली आणि स्वतःच सांभाळावी."

"म्हणजे मी काय घरून रंग कालवून आणते?"

"मी कुठं तसं म्हटलं? कुठंतरी पाणी मुरतंय, एवढंच म्हणतो."

मास्तर म्हणाले, "बाई, त्यांचं म्हणणं रास्त आहे." बाईंनी दात ओठ खात आपली बाटली परत पिशवीत कोंबली. मास्तरांनी दुकानच्या पाण्यानं नवी बाटली भरली, सही करून मांडीवर घेतली आणि ताठ बसले.

ताईनं चहा आणला. हळूच विचारलं, "पोर कशी आहे?"

"बरी आहे. पाणी भरपूर पिते."

"तू नेलीस ते बरं केलंस गं. मला रात्रभर तेवढाच आधार असतो." मग म्हणाली, "किती वेळ लागेल?"

"आज काही दिसायचं नाही. डोंगराच्या पोटातून यायचं आहे. दोन दिवस लागतील, तीन लागतील. बसायचं."

दुपार कलली, पण धुकं हटेना. उलट दाट झालं. पक्षी कधी गप्प झाले कळलं नाही. कपारीतल्या पाण्याचा आवाज तेवढा राहिला, आणि मग तोही बदलला. जडसर झाला, कुणीतरी आतून ओंजळीनं पाणी पुढं लोटत असावं तसा. ताईनं मान वर केली.

"लवंग कोण चघळतंय?"

कुणीच चघळत नव्हतं. बाईंनी वळून पाहिलं नाही.

आणि झरा हिरवा झाला.

दिव्याखाली नव्हे, उघड्या डोळ्यांना! कपारीतून आधी एक धागा आला, मग पट्टा आला, मग सगळं पाणीच कोवळ्या पानासारखं हिरवंगार होऊन दगडांवरून उतरायला लागलं. वस्तीतली माणसं धावत आली आणि काठावर येऊन उभी राहिली. मॅनेजरनं हातातली कपबशी खाली ठेवली. मास्तरांनी काळ्या कापडाखाली डोकं घातलं, जांभळा दिवा लावला, मांडीवरची कोरी बाटली धरली. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"कोरी आहे," आतून त्यांचा आवाज आला. "स्वच्छ कोरी." मग कापड बाजूला सारून म्हणाले, "मॅनेजरसाहेब, खड्डा बंद."

ताईनं पदर तोंडाला लावला. बाईंना वाटलं, आता हसावं. पण मन धजेना. एवढा रंग डब्यात मावतच नाही. आणि सकाळी ओतलेला दुपारी निघाला? खडकातून? एवढ्यात?

तेवढ्यात वस्तीबाहेर हॉर्न वाजला. भोपू धापा टाकत आला नि लांबच उभा राहिला. बाई त्याच्याकडे गेल्या. त्याच्या काखेत, पोत्यात गुंडाळलेला डबा होता.

"बाई, आधी ओरडू नका. जीप चढणीवरच बंद पडली. फोनला रेंज नाही. आत्ता कुठं सुरू झाली. मी वर पोचलोच नाही…"

बाईंनी पोतं बाजूला केलं. डबा भरलेला, सील जसंच्या तसं.

"मग ओतला कुणी?"

"तेच मी विचारतोय बाई. झरा हिरवा कसा?"

बाईंनी पोतं पुन्हा झाकलं. मागून मॅनेजर येत होता, कानाला फोन आणि चेहरा आंबलेला.

"जिंकलात ना? आता तुमच्या माणसाला तरी बाहेर बोलवा. वॉचमनचा फोन आहे. सकाळी आत सोडला, घशाकडे गेला, तो अजून परतलेला नाही. त्याला गेट बंद करायचंय."

"कसा… कसा होता माणूस?"

"मला काय विचारता? म्हातारा होता म्हणे. हात कोपरापर्यंत हिरवे. 'बाईंनी धाडलंय' म्हणाला."

भोपूनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी भोपूकडे पाहिलं नाही.

मास्तर लांबून ओरडले, "बाई, रंग ओतणाऱ्याचं नाव काय लावू?"

खरं सांगावं, तर डबा दाखवावा लागेल. डबा दाखवला तर तिसरी खेपही बाद, खड्डा दुप्पट, आणि ही काळ्या नखांची पोरं उद्यापासून पुन्हा हेच पाणी पिणार. आणि खोटं तरी कुठं बोलायचं होतं?

"आमच्या रंगारीकाकांचं लावा," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून तेच ओततात."

मास्तरांनी लिहून घेतलं. निघताना बाई एकट्याच झऱ्याशी गेल्या आणि कपारीकडे तोंड करून पुटपुटल्या, "बघितलंत ना काका? इथून निघतो. झालं ना समाधान? आता या." पाणी हिरवं वाहत राहिलं.

परतताना दिवस मावळला होता. भोपू आज हॉर्न वाजवत नव्हता, त्यामुळं रस्ता जास्तच मुका वाटत होता. बाईंच्या घशाला कोरड पडली होती. पिशवीत हात घातला, फडक्यातली सकाळची बाटली लागली. ही तर आता बिनकामाची. मेण नखानं काढलं, बूच उघडलं नि दोन मोठे घोट घेतले.

जिभेवर लवंग आली.

समोरून ट्रक आला. त्याच्या उजेडात बाईंनी बाटली वर धरली. पाणी हिरवं होतं.

"भोपू… ही बाटली तुझ्या डब्याजवळ होती?"

"कशी असेल बाई? दिवसभर तुमच्या खांद्याला होती."

खरंच होतं. कुणाचा हात लागला नव्हता. पहिल्या खेपेलाही नव्हता आणि दुसऱ्या खेपेलाही नव्हता. हातमोजे बदलले, बाटल्या बदलल्या, माणसं बदलली, सगळं बदलून झालं. एक गोष्ट तेवढी बदलली नव्हती, घरच्या बोअरचं पाणी. आज मॅनेजरनं हटून दुकानचं पाणी भरायला लावलं आणि आजच बाटली कोरी राहिली. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार! दोन्ही वेळा कोरी बाटली खरंच बोलत होती. म्हातारा पहिल्या दिवसापासून सांगत होता नि बाई 'नमुना बिघडला' म्हणून ओतून देत होत्या.

"अहो, नीट सांगायचं नाही का!" बाई एकदम किंचाळल्या. भोपूनं दचकून ब्रेक मारला. "जिवंतपणी कुरकुर केलीत तशी करायची ना मोठ्यानं! वासानं काय सांगता, वासानं!"

"कुणाला म्हणताय, बाई?"

"तू चालव! हाण जीप!"

घरी दिवे गेलेले होते. सगळी ओळ अंधारात. बाई पुढचं दार लोटून आत शिरल्या. स्वयंपाकघरातून भाचीचा आवाज आला, झोपेतून उठल्यासारखा.

"आलीस, मावशी? किती उशीर. मला काडेपेटीसुद्धा सापडेना."

"तू पाणी प्यालीस?"

"म्हणजे काय! तूच तर सांगून गेलीस. सकाळपासून पितेच आहे, पण तहान काही भागत नाही बघ." ग्लास ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. "आणि तुझे ते हिरव्या हातांचे काका येऊन गेले. मागच्या दारानं आले. केवढे भिजलेले! मी टॉवेल देत होते तर नको म्हणाले."

"काय… म्हणाले काय?"

"म्हणाले, बाईंना सांगा, इथूनही निघतो."

अंधारात दुसरं काहीच हाताशी नव्हतं. बाईंनी पिशवी चाचपून जांभळा दिवा काढला आणि बटण दाबलं. मागच्या दाराबाहेर, बोअरच्या पाइपापाशी, हिरवी पावलं उमटलेली होती. तिथूनच सुरू झालेली. उंबरा ओलांडून ती आत आली होती, पाण्याच्या पिंपाशी थांबली होती, आणि तिथून भाचीच्या खुर्चीकडे गेली होती. बाईंनी दिवा इकडे फिरवला, तिकडे फिरवला. परत जाणारी पावलं कुठंच नव्हती.

खुर्चीजवळ उजेड पोचला. आधी पोरीच्या पायांची बोटं दिसली, मग साडीचे काठ, मग मांडीवर ठेवलेले हात. उजेड आणखी जरासा वर सरकला असता तर…

बाईंनी बटण बंद केलं.

"अगं, का विझवलास?" अंधारातून पोर म्हणाली. "लाव ना, मावशी. बाळ कसं हलतंय बघ."